शंभरातली पाच

९ जानेवारी

प्रिय ताई,

मिशनच्या वसतिगृहातले ते शनिवार आठवतात का तुला? हातरुमाल धुऊन झाले की आपण ते ओलेच खिडकीच्या काचेवर चिकटवायचो. बोटांनी सुरकुत्या कडेला ढकलायच्या, म्हणजे वाळल्यावर रुमाल इस्त्री केल्यासारखे कडक सुटायचे आणि इस्त्रीची रांग टळायची. तू उंच म्हणून वरच्या काचा तुझ्या, खालच्या माझ्या. धाकट्या सिस्टर अंगणातून विचारायच्या, खिडकीला दुखापत झाली आहे का, इतक्या पट्ट्या कशाला? काही विशेष नव्हतं त्यात. पण आज आमच्याकडे काचा पुसायला बाई आली होती, आणि मी उगाचच तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. सूनबाईला वाटलं, मी कामावर लक्ष ठेवतेय.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. इतक्या पडेल आवाजात म्हणाली, "मावशी, आई उभी राहतेय," की मला वाटलं तू पाय मोडून पडली होतीस आणि आता उभी राहतेस. मग कळलं, पोटनिवडणूक. तुमच्या भागातून निवडून आलेले जुने सभासद वारले आणि त्यांच्या जागेसाठी तुमच्या त्या इवल्याशा पक्षाने तुला उभं केलं. ताई, मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! शाळेत साधी वर्गप्रमुख व्हायला तू तयार नव्हतीस.

आता मला नीट सांग, चिन्हं कशी आहेत? मी आपली इथे बसून हिशेब मांडतेय. उतारवस्ती तर सगळी तुमचीच. रंगाच्या कारखान्याखाली, त्या लाल-जांभळ्या ओढ्याच्या काठी राहणाऱ्या माणसांसाठी तुम्ही किती वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. ती माणसं तुला सोडून कुणाला मत देतील? शिवाय चाळीस वर्षं गावाला चष्मे करून दिलेस. गाव तुला ओळखतं.

फोन केला असता, पण फोनवर तू "बरं आहे" याच्या पुढे सरकत नाहीस. कागदावर चार ओळी तरी जास्त मिळतात.

तुझी,
खडू

१७ जानेवारी

प्रिय खडू,

गाव मला ओळखतं हे खरं. त्यातच घोळ आहे. ज्या दारात जावं तिथे माझाच चष्मा दार उघडायला येतो. काल एक गृहस्थ माझ्याच काचांतून माझ्याकडे बघत म्हणाले, बाई, तुम्ही माणूस सोन्यासारख्या, पण मत वाया कसं घालवू? मी म्हटलं, तुमची डावी काडी सैल झालीय, दुकानात या, घट्ट करून देते. ते येतील. मत येणार नाही.

तुझ्या डोक्यात जिंकण्याचं खूळ आहे, ते आधी काढून टाक. आम्हाला जिंकायचं नाहीच. शंभरातली पाच मतं हवीत, बस्स. पाचाच्या खाली गेलो तर पक्षाची मान्यता जाते. आणि मान्यता गेली की सुनावणीतली खुर्ची जाते. कारखान्याचा सांडपाण्याचा परवाना यंदा संपतोय. तो पुन्हा द्यायचा का, कोणत्या अटींवर द्यायचा, हे मार्चमधल्या सुनावणीत ठरेल. तिथे टेबलाशी बसून प्रश्न विचारायचा हक्क फक्त मान्यता असलेल्या पक्षांना. मोठे दोन्ही पक्ष बसतात, पण चहा पिऊन उठतात. विचारणारे आम्हीच. मागच्या वेळी आम्ही विचारलं म्हणून तर उतारवस्तीच्या विहिरी तपासल्या गेल्या.

आम्ही म्हणजे तरी कोण? भूगोलाचे मास्तर, ते अध्यक्ष. दवाखान्यातल्या नर्सबाई, त्या चिटणीस. आणि मी. लोक आम्हाला झाडवाले म्हणतात. कचेरी म्हणजे माझ्या दुकानाची मागची खोली. आमचा पक्ष भिंती रंगवत नाही, भोंगा लावत नाही, पत्रकं वाटत नाही. सगळं तत्त्वात बसवायचं म्हटलं की प्रचाराला उरतात त्या फक्त आमच्या चपला. मास्तर प्रत्येक दारात नकाशा उघडून नदी कुठून कुठे जाते ते पहिल्यापासून सांगतात. लोक नदी समुद्राला मिळायच्या आत दार लावून घेतात.

आणखी एक. लेकीने मला अट घातली आहे. तिचं म्हणणं, पक्षाचं नाव सांगून तू दर वर्षी इथे यायचं टाळतेस. तर पाच मिळाली तर राहा तिथेच, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही मिळाली तर दुकान आवरायचं आणि माझ्याकडे कायमचं यायचं. मी हो म्हटलंय. या वयात खोकत एकटीने जिने चढायचे आणि वर आपणच बरोबर म्हणायचं, हे फार दिवस चालत नाही.

उतारवस्तीकडे अजून गेले नाही. जाईन.

तुझी,
ताई

२५ जानेवारी

प्रिय ताई,

पाच! अगं, पाच म्हणजे काय! मी तर इथे खूशच झाले. शेजारच्या काकूंना सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं, दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात कापूस असताना सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, कमी बोला.

लेकीचं मनावर घेऊ नकोस. तिला तुझी काळजी वाटते, एवढंच. तिच्या घरात दक्षिणेकडची खोली रिकामी आहे, तिथे दुपारी छान ऊन येतं म्हणे. पण ते जाऊ दे. तू कुठे जाणार आहेस! पाच तुला नुसत्या उतारवस्तीतूनच मिळतील. तू तिकडे अजून गेली नाहीस हे वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. लोक हक्काच्या घरी आधी जातात. तुझं पहिल्यापासून हे असंच. परीक्षेत येणारा प्रश्न तू शेवटी सोडवायचीस आणि घंटा व्हायची.

त्या धुणं धुणाऱ्या आजी आहेत ना, ज्यांच्या हातांचे फोटो तू मला दाखवले होतेस, कोपरापर्यंत जांभळे? त्यांना पुढे कर. त्यांनी नुसता हात वर केला तरी पुरे. मास्तरांना म्हणावं, नकाशा घरी ठेवा.

निकालाच्या दिवशी मी येणार आहे. तिकीट काढायला मुलाला सांगितलंय. तुझ्यासाठी हिरव्या लोकरीची ओढणी विणायला घेतली आहे. फार लांब होतेय, पण आता सोडवत नाही.

तुझी,
खडू

४ फेब्रुवारी

प्रिय खडू,

तिकीट काढू नकोस. ओढणी हवी तर विण.

उतारवस्तीवर जाऊन आले. जायचं टाळत होते, कारण मला ठाऊक होतं तिथे काय आहे. तिथे काहीच नाही. पायऱ्या आहेत, चुलींच्या जागा आहेत, एक मोरी आहे. माणसं तीन वर्षांपूर्वीच नदीपलीकडे गेली. आम्हीच नेली. कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला, तो हाच. त्यांना स्वच्छ पाण्याच्या जागी घरं द्या, असा. तू मला तेव्हा पेढ्यासारखं गोड पत्र लिहिलं होतंस. त्यात, माणसं तिथून हलणार, हे तुझ्या ध्यानात राहिलं नसावं. मी तरी कुठे सगळं ध्यानात ठेवलं?

नदीपलीकडचा भाग या मतदारसंघात नाही.

नुसतं घर हललं असतं तरी चाललं असतं. इथे गावोगाव माणसं सोडून गेलेल्या घराच्या पत्त्यावर मत देतात, मेलेलीसुद्धा देतात. पण आमचा पक्ष पडला सरळमार्गी. नवीन जागी दवाखाना, शाळा, नळ सगळं हक्काने मिळावं म्हणून नावं तिकडे चढवून घ्या, असं मीच घरोघरी सांगितलं. मीच त्यांना बसमध्ये घालून कचेरीत घेऊन गेले. नर्सबाईंनी बिस्किटं वाटली. एकाही माणसाचं नाव मागे राहू नये म्हणून मास्तरांनी दोनदा मोजणी केली. एकाचंही राहिलं नाही.

आम्हा तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की ही आपली मतं आपणच उचलून नदीपार ठेवतोय. मागच्या आठवड्यात यादी हातात आली तेव्हा मास्तर बराच वेळ ती उलटीसुलटी करत होते. नर्सबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या.

आता वस्तीच्या वरच्या अंगाला राहतात ते कारखान्यातले कामगार. त्यांना आमचा राग आहे, आणि तो चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. परवाना गेला तर त्यांची भाकरी जाते.

आणखी एक झालं. मोठ्या पक्षाचा उमेदवार दुकानात आला होता. पंधरा वर्षं पूल बांधून देतो म्हणतोय म्हणून सगळे त्याला पुलवाला म्हणतात. चष्म्याची नाकावरची पट्टी बदलून घेतली, खुर्चीत आरामात बसला आणि म्हणाला, मावशी, अर्ज मागे घ्या. तुमची दोन-चार मतं मला पडू द्या. सुनावणीला मी तुम्हाला माझी सल्लागार म्हणून शेजारी बसवतो. टेबलाशी खुर्ची हवीय ना तुम्हाला? खुर्ची मिळेल.

मास्तर म्हणतात, घ्या. नर्सबाई म्हणतात, नको. माझं ठरत नाही. अर्ज मागे घ्यायला बाराव्या तारखेपर्यंत वेळ आहे.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

घे. घे गं बाई, घे.

इतकी वर्षं मी तुला कधी काही सांगितलं नाही. तू मोठी, तू हुशार, तू कोर्टात जाणारी. पण हे एक ऐक. खुर्चीशी मतलब. ती कोण देतो याच्याशी काय करायचंय? शाळेत मदरच्या खोलीत जायला मिळावं म्हणून आपण फुलदाणीतलं पाणी बदलायचं काम मागून घ्यायचो, आठवतं? आत गेल्यावर जे बघायचं ते बघून घ्यायचो.

एकदा तू टेबलाशी बसलीस की तुझं तोंड कोण धरणार आहे? अट घालणारा पुलवाला नंतर काय वाटेल ते म्हणू दे. आणि लेकीशी मी बोलते. तिला समजावते, की खुर्ची मिळाली म्हणजे पाच मिळाल्यासारखंच. ती ऐकेल माझं.

उतारवस्तीचं वाचलं. मी त्या पायऱ्यांवरच मतं मोजत बसले होते. रागावू नकोस.

हे पत्र जलद टपालाने टाकतेय.

तुझी,
खडू

१६ फेब्रुवारी

प्रिय खडू,

तुझं जलद पत्र चौदाला मिळालं.

पण आधी मिळालं असतं तरी माझं उत्तर तेच होतं, म्हणून हळहळू नकोस. पुलवाल्याला मी विचारलं होतं, शेजारी बसून मी बोलू शकते का? तो म्हणाला, तुम्ही माझ्या कानात सांगायचं, मग मला वाटलं तर मी बोलेन. म्हणजे टेबलापलीकडून काय दिसणार? झाडवाल्या बाई पुलवाल्याशेजारी गप्प बसल्या आहेत, तेव्हा त्यांनाही हे मान्य आहे. आजवर आम्ही हरलो, पण मान्य आहे असं कधी कुणाला वाटू दिलं नाही.

मी नाही म्हटल्यावर मास्तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नकाशा न घेता. म्हणाले, चला, धरणाकडची आळी राहिलीय. आळीत चार दारं उघडली. एकीने पाणी दिलं. पाण्याला वास होता. आम्ही दोघंही ते प्यायलो आणि तिने विचारलं, आणखी देऊ का?

तुझी,
ताई

३ मार्च

प्रिय खडू,

निकाल तुला लेकीकडून कळला असेलच. शंभरातली तीनही भरली नाहीत. पुलवाला निवडून आला. त्याने मिरवणूक दुकानासमोर आल्यावर ढोल थांबवायला लावले आणि मला नमस्कार केला. वाईट माणूस नाही. तेच तर अवघड आहे.

पण मला तुला मतदानाच्या दिवसाचं सांगायचंय. ते लेकीला ठाऊक नाही.

सकाळी शाळेच्या फाटकाशी एक ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून उतारवस्ती उतरली. सगळी. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस, कडेवर पोरं. नदीला वळसा घालून पहाटे निघाले होते. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाच्या तरी कानावर गेलं, की चष्मेवाल्या बाई उभ्या आहेत. मी धावत गेले, म्हटलं, अरे, तुमची नावं इथे नाहीत, तुम्हाला आता इथे मत नाही. ते म्हणाले, असू दे, विचारून तर बघू. रांगेत उभे राहिले. आतल्या अधिकाऱ्याने प्रत्येकाचं नाव शोधलं, अगदी नीट, बोट फिरवून. प्रत्येकाला सांगितलं, नाही. एक बाहेर आला की दुसरा आत जायचा. जो बाहेर आला त्याचं तोंड बघूनही मागचा रांग सोडेना.

शेवटी आजी. त्या आता धुणं धूत नाहीत. हात जवळजवळ पूर्वीसारखे झालेत, फक्त नखांच्या कडेला रंग राहिलाय. बाहेर येऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ताई, तिकडचं पाणी गोड आहे. गोड पाणी प्यायलं की मत जातं, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

त्यांनी चेष्टा केली का खरंच विचारलं, हे मला अजून कळलेलं नाही. ट्रकवाला घाई करत होता. सगळे चढले.

सुनावणी वीस तारखेला आहे. मी जाणार आहे. लोकांसाठी मागे बाकं असतात, तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

तुझी,
ताई

१० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग सूनबाईला वाचून दाखवायला गेले, ते मध्येच थांबले.

पण एक सांगू? मला वाटतं, अजून सगळं संपलेलं नाही. तू मागच्या बाकावर बसलीस तरी सगळे तुला ओळखतात. अध्यक्षस्थानी बसणारे साहेब तुला वळून विचारतीलच, बाई, तुमचं काय म्हणणं? इतक्या वर्षांच्या ओळखीला काही मान असतोच की. तू उभी राहा आणि बोल. कोण अडवणार आहे तुला?

लेकीकडे जायची घाई करू नकोस. अट म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. किंवा असं कर, माझ्याकडे ये. आमच्याकडे खोली लहान आहे, पण आपण दोघी त्याहून लहान पलंगावर झोपलो आहोत.

ओढणी झाली. तुझ्याएवढीच लांब आहे.

तुझी,
खडू

२४ मार्च

प्रिय खडू,

मी उभी राहिले. शिपाई येऊन म्हणाला, मागच्या बाकावरच्यांनी बसून ऐकायचं. मी त्याचा चष्मा दोन वर्षांपूर्वी केलाय. त्याने फार हळू सांगितलं. मी बसले.

साहेब नवीन होते. वळून कुणी विचारलं नाही. पुलवाल्याने टेबलाशी एक प्रश्न विचारला, कारखान्याच्या रस्त्यावर दिवे कधी लागणार म्हणून. सगळं आटपायला फार वेळ लागला नाही. परवाना दहा वर्षांसाठी वाढवला, अटी जुन्याच. बाहेर आल्यावर नर्सबाई म्हणाल्या, निदान चहा तरी आपण आपल्या पैशाने पिऊ. प्यायलो. पक्ष बंद करायचा ठराव तिथेच झाला. मास्तरांनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही.

मी रविवारी लेकीकडे जातेय. कायमची. तुझ्याकडे येत नाही, कारण तू मला रोज आशा देशील. लेक फक्त वेळेवर जेवण देईल. आणि खडू, ती अट तिच्या एकटीच्या डोक्यातली नव्हती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. तिला इतकं गोड बोलून कोंडीत पकडता येत नाही. मी रागावलेली नाही. दक्षिणेकडच्या खोलीत ऊन येतं हे तिने मला सांगितलंच नव्हतं, तूच सांगितलंस.

म्हणून आता तुझ्यावर काम सोपवते. दुकानाची मुदत महिनाअखेर संपतेय आणि मला ते स्वतः आवरायचं नाही. तू येशील म्हणालीस, तर ये. किल्ली शेजारच्या शिंप्याकडे आहे.

डोळे तपासायची पेटी, सगळ्या काचांसकट, नर्सबाईंच्या दवाखान्यात. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शाळेत दे. तिथे दूरचं दिसत नसलेली पोरं मागच्या बाकावर बसवतात. मुख्याध्यापकांना सांग, तक्ता मुलांसाठी आहे, कपाटासाठी नाही.

खणात तयार चष्मे आहेत, कुणी न्यायला आलेलं नाही. कारखान्यातल्या मुकादमाचा घरी नेऊन दे. त्याचा नंबर जड आहे आणि तो यंत्राजवळ काम करतो. तो तुझ्याशी नीट बोलणार नाही. बोलू नकोस, चष्मा हातात दे आणि ये. आजींचाही त्यात आहे. त्यासाठी नदीला वळसा घालावा लागेल. नाकावर तूच बसव, कानामागे बोट फिरवून बघ टोचतोय का, आणि सुईत दोरा ओवायला सांग.

पक्षाचा कापडी फलक मास्तरांना. ते नको म्हणतील. दारात ठेवून निघून ये.

पक्षाचा शिक्का निवडणूक कचेरीत परत करायचा असतो. ते तू करू नकोस. मी केलंय.

मोरीच्या वरच्या फळीवर बाटल्या आहेत. कारखान्याखालच्या ओढ्याचं पाणी मी दर महिन्याला भरून ठेवत आले, आणि प्रत्येकीवर महिना लिहिला आहे. त्या पुलवाल्याच्या घरी पोचव. नोकराकडे देऊ नकोस, त्याच्याच हातात दे. तो घेईल, नाही म्हणायची त्याला सवय नाही. खालच्या फळीवर रिकाम्या आहेत, पुढच्या दहा वर्षांच्या. त्याही दे. धुऊन वाळवलेल्या आहेत. झाकणं वेगळ्या पिशवीत आहेत. रस्ता खराब आहे, मध्ये जुने कपडे घाल.

तुझी,
ताई